पळसाची तारीख

२०२१ साली होळी २८ मार्चला आली, २०२३ साली ६ मार्चला आणि २०२४ साली २४ मार्चला. मेहकरच्या आसपास, पैनगंगेच्या काठच्या पडीक रानात आणि शेतांच्या धुऱ्यांवर उभ्या असलेल्या पळसांना यातली एकही तारीख ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी ‘पळस होळीला फुलतो’ हे विधान वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या खरे मानले गेले आहे आणि रंग खेळण्यापुरते ते खरेही आहे. फुले पाण्यात उकळून केशरी रंग करणाऱ्याला तीन आठवड्यांच्या फरकाशी काही देणेघेणे नसते, कारण पळस इतके दिवस कुठे ना कुठे फुललेला असतोच. पण हेच विधान पुरावा म्हणून वापरायचे ठरवले, हवामान बदलले का आणि किती बदलले हे झाडाला विचारायचे ठरवले, तर त्यातली ही तीन आठवड्यांची ढिलाई एकदम डोळ्यांत भरते. जपानमधल्या क्योटो शहरातली चेरी गेली कित्येक शतके साधारण एप्रिलच्या मध्यावर पूर्ण बहरात येत असे, आता ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किंवा त्याआधीच येते. म्हणजे जगातल्या सर्वांत लांब आणि सर्वांत गाजलेल्या नोंदीत दिसणारा बदल एक-दीड आठवड्याचा आहे. आपल्या म्हणीतली ढिलाई त्याच्या दुप्पट आहे. जो बदल शोधायचा, तो आपल्या मोजपट्टीच्या दोन खुणांमधल्या अंतरातच हरवून जातो.

पालवी कधी फुटली, मोहर कधी आला, फळ कधी पिकले, पाने कधी झडली, या वेळांच्या अभ्यासाला फेनॉलॉजी म्हणतात. हा शब्द बेल्जियमच्या शार्ल मोरां या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९ साली रूढ केला. निरीक्षण मात्र शेतीइतकेच जुने आहे आणि वऱ्हाडाला ते शिकवायला कुणा बाहेरच्याची गरज नव्हती. मग प्रश्न असा पडतो की, झाडांकडे इतके बारकाईने पाहणाऱ्या मुलखात झाडांच्या वेळांची तारीखवार मालिका का तयार झाली नाही? ‘आपल्याकडे नोंदी ठेवायची सवयच नाही’ हे याचे नेहमीचे उत्तर, आणि ते मला पटत नाही. नोंदी भरपूर झाल्या, फक्त झाडे एका कामासाठी पाहिली गेली आणि तारखा दुसऱ्याच कामासाठी लिहिल्या गेल्या. या दोन कामांची गाठ पडली नाही, आणि ती का पडली नाही याचा इतिहास मेहकर आणि त्याच्या शेजारचे लोणार या दोन ठिकाणांवरून चांगला वाचता येतो.

आधी बाहेरची उदाहरणे, कारण त्यांच्याबद्दल एक गैरसमज आहे. क्योटोच्या बहराची मालिका इसवी सन ८१२ पासून जुळवता येते, पण नवव्या शतकात तिथे कुणी हवामानाचा अभ्यास करत नव्हते. राजदरबारात फुले पाहण्याच्या मेजवान्या होत, त्यांना कोण आले, कविता कुणी म्हटल्या, हे सरदार आणि भिक्षू रोजनिशीत लिहीत. यासुयुकी आओनो या संशोधकाने अशा रोजनिशा धुंडाळून, त्यांतल्या चांद्र तिथी आजच्या दिनदर्शिकेत बदलून ती मालिका उभी केली. त्या मालिकेत २०२१ सालचा बहर २६ मार्चला आला आणि तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू करायची याचा हुकूम स्थानिक सत्ता काढत असे. त्या हुकुमांच्या दप्तरांतून चौदाव्या शतकापासूनच्या तोडणीच्या तारखा मिळाल्या आणि त्यांवरून उन्हाळ्यांच्या उष्णतेचा अंदाज बांधता आला. निखळ कुतूहलापोटी नोंद ठेवणारा माणूस इंग्लंडात नॉरफॉकमध्ये सापडतो. रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने १९५८ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, ते व्रत चालवले. पण मार्शम हा अपवाद आहे. नियम असा की झाडाच्या तारखेत कुणाचा तरी सण, कर, सौदा किंवा मान अडकलेला असतो तेव्हाच ती तारीख लिहिली जाते.

मेहकरकडे हा नियम घेऊन आलो की चित्र उलगडू लागते. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक ‘सरकार’, म्हणजे महसुली विभाग, आहे आणि त्यातल्या लोणारचे वर्णन आहे. ते वर्णन कशासाठी आहे? तिथल्या खारापासून काच आणि साबण होतो, आणि त्यातून उत्पन्न मिळते, यासाठी. तिथल्या सरोवराच्या कडांवरची झाडे कधी फुलतात याला महसूल नव्हता, म्हणून त्याला ओळही नव्हती. त्याआधी तीनशे वर्षे, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींच्या भ्रमणात लोणार येते आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त त्याची नोंद होते. पुढे महानुभावांनी ‘स्थानपोथी’ रचली, आणि स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, हे अशा नेमकेपणाने टिपले की आजही त्यावरून जागा शोधता येते. मराठी गद्य पहिल्याच पावलाला इतके काटेकोर होते. त्यामुळे नोंदीच्या सवयीची बोलणी कुणी ऐकवली तर त्याला ‘स्थानपोथी’ दाखवावी. तिथे श्रद्धेचा विषय ‘कुठे’ हा होता, म्हणून ‘कुठे’ टिकले. पळस केव्हा फुलला हा श्रद्धेचाही विषय नव्हता आणि सरकारी उत्पन्नाचाही.

झाड होते ते भविष्याच्या खात्यात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त फुलांवेलींवर एक स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या झाडाला बहर चांगला आला तर कोणते पीक चांगले येईल, याची त्यात यादीच दिली आहे: जांभळावरून तीळ आणि उडीद, मोहावरून गहू, पिंपळावरून सगळीच पिके, आणि वऱ्हाडाच्या दृष्टीने गमतीचे म्हणजे कुंदावरून कापूस. हीच नजर लोकपरंपरेत सहदेव-भाडळीच्या नावाने उतरली आणि आजही जिवंत आहे. बुलढाणा जिल्ह्यातच, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांची अवस्था पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत करतात. त्या परंपरेचे वय साडेतीनशे वर्षे सांगितले जाते. तितक्या वर्षांची भाकिते आणि प्रत्यक्ष पाऊस समोरासमोर लिहिलेला असता, तर भाकीत खोटे ठरले असते तरी ती वही अनमोल ठरली असती.

बहाव्याची गोष्ट याच जातीची आहे. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असे ठामपणे सांगितले जाते, दर उन्हाळ्यात छापूनही येते. या ठोकताळ्याचे यश कशात आहे ते पाहू. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि विदर्भात मोसमी पाऊस जूनच्या मध्याच्या आसपास पोचतो. दोन्ही गोष्टी दर वर्षी ठरल्या हंगामात होणार, त्यामुळे त्यांच्यातले अंतर दीड-दोन महिनेच निघणार. त्यासाठी झाडाला पुढचे काही कळण्याची आवश्यकता नाही. खरी कसोटी वाईट वर्षांची असते. १८९९ साली पाऊस दगा देऊन गेला आणि वऱ्हाडात छप्पनियाचा दुष्काळ पडला, १९७२ साली महाराष्ट्र होरपळला. त्या दोन उन्हाळ्यांत बहावा कोणत्या तारखेला आणि किती फुलला होता, हे मांडल्याशिवाय या दाव्याला पुरावा म्हणता येत नाही. मारुती चितमपल्लींसारख्या रानात आयुष्य घालवलेल्या लेखकाने पशुपक्ष्यांच्या आणि वृक्षांच्या अशा संकेतांना मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या निरीक्षणाबद्दल आदर ठेवूनच मी हे म्हणतो. मार्चमध्ये फुललेले झाड गेल्या पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या पाण्याबद्दल, सरलेल्या थंडीबद्दल आणि पानगळीच्या मुदतीबद्दल सांगत असते. आपण त्याला ज्योतिषी समजलो, पण त्याच्या अंगी गुण आहेत ते बखरकाराचे.

आता तारखेकडे वळू, कारण इथे एक गुंतागुंत आहे आणि ती मराठी वाचकाला परकी नाही. आपली नक्षत्रे सूर्याच्या ताऱ्यांमधल्या स्थानावर चालतात आणि ऋतू मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर. अयनचलनामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाची तफावत पडते. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो. वराहमिहिराच्या काळी तो आजच्या हिशेबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यातच मृगात जात होता. शिवकाळात मृग लागे तो जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांत. याच कारणाने, पानिपतची लढाई ‘संक्रांतीच्या दिवशी’ झाली असे आपण म्हणतो ते चुकीचे आहे. १७६१ साली १४ जानेवारीला लढाई झाली खरी, पण त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडत असे. एका माणसाच्या आयुष्यात ही सरक जेमतेम एका दिवसाची, म्हणून ‘हल्ली मृग कोरडा जातो’ या तक्रारीचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. उलट या सरकण्याने मृग पावसाच्या अधिक जवळ आणला आहे. पण हजार-दीड हजार वर्षे जुन्या वचनांतले नक्षत्र आणि आजचे नक्षत्र एकच धरून ‘पूर्वी ऋतू असे होते’ म्हणणारा दोन-तीन आठवड्यांनी चुकतो. त्यावर पुन्हा चांद्र महिन्यांचा आणि अधिकमासाचा हेलकावा असतोच.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हता. १८८० च्या दशकात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन, म्हणजे ऋतूंना धरून चालणाऱ्या, पंचांगाचा पुरस्कार केला तेव्हा मराठी जगात मोठे वादळ उठले. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा. त्यांचे म्हणणे साधे होते. ताऱ्यांना धरून चालणारे वर्ष ऋतूंपासून सुटत जाते, आणि असेच चालू राहिले तर चैत्र एक दिवस वसंताचा राहणार नाही. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता, कारण सण, व्रते, मुहूर्त यांची सगळी वीण नक्षत्रांत होती. लोकांनी ताऱ्यांना धरून चालणारे निरयन पंचांगच ठेवले. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हीच तफावत लक्षात घेऊन सायन वर्षावर राष्ट्रीय दिनदर्शिका बेतली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली आणि सरकारी राजपत्रात व आकाशवाणीवर राहिली. या वादाच्या साहित्यात ग्रहगणिताचे आकडे रगड आहेत. पण तक्रार जर चैत्र वसंतापासून सुटण्याची होती, तर वसंत कधी आला हे ठरवणारा सर्वांत सोपा साक्षीदार, म्हणजे दारातला कडुनिंब आणि त्याची नवी पालवी, कुणाच्या फारसा कामी आला नाही. दुर्गा भागवतांचे १९५६ सालचे ‘ऋतुचक्र’ हे झाडाझुडपांच्या बदलांचे मराठीतले सर्वांत सूक्ष्म चित्रण, पण तेही चैत्र-वैशाखाच्या चांद्र महिन्यांनीच चालते. ललित लेखनाला ते शोभतेच. मोजमापाला मात्र ते पुरत नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि कागदांचा पूर सुरू झाला. आल्फ्रेड लायलचे वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० चे. त्याच वर्षी जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, कारण खामगावची कापसाची पेठ मुंबईमार्गे मँचेस्टरला जोडायची होती. तालुक्यांच्या ठिकाणी पाऊस मोजला जाऊ लागला, हंगाम आणि पिकांचे वार्षिक अहवाल निघू लागले. महसूल कापसावर, म्हणून शाई कापसावर. मग या अहवालांतूनच पेरणीच्या आणि वेचणीच्या वेळा काढून हवामानबदल का वाचू नये? बर्गंडीत द्राक्षांवर जे जमले ते खामगावात कापसावर जमावे. अडचण अशी की बर्गंडीत ‘पिनो न्वार’ ही एकच द्राक्षजात शतकानुशतके राहिली आणि वऱ्हाडात कापूस सारखा बदलत गेला. बनी आणि जरी गेल्या, रोझियम आला, १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ नंतर बीटी आला. प्रत्येक वाणाचा कालावधी वेगळा. वेचणी पुढे-मागे झाली तर ती उन्हाने झाली, बियाण्याने झाली की विहिरीच्या पाण्याने, हे वेगळे काढणे कर्मकठीण. मेहकर तालुक्यात तर कापसाची जागा बऱ्याच अंशी सोयाबीननेच घेतली. माणूस ज्या झाडाला हात लावत नाही तेच झाड इथे भरवशाचे, आणि त्याच झाडाबद्दल महसूल खाते गप्प.

वनखाते इतके गप्प नव्हते. ब्रँडिस आणि नंतर ट्रूप यांच्या ग्रंथांत भारतीय वृक्षांच्या पानगळीचे, फुलांचे, बियांचे हंगाम आहेत. आर. एस. ट्रूपचे तीन खंड १९२१ साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचावेत असे आहेत. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोराही फुलण्याचे महिने देते, पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्याने मेहकर तिच्या हद्दीबाहेर पडले. शिवाय हे सगळे हंगाम महिन्यांत आहेत: फेब्रुवारी ते एप्रिल, मार्च ते मे. झाड ओळखण्यापुरते ते उत्तम. शंभर वर्षांत आठ-दहा दिवस सरकलेला बहर त्यांच्या पकडीत येणारच नाही.

मेहकरपासून पंचवीस-एक किलोमीटरवर, पूर्वी मेहकर तालुक्यातच असलेल्या लोणारच्या सरोवरात मात्र निसर्गाने स्वतःच दप्तर ठेवले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात बाहेरून मोठी नदी येत नाही. पाणी आणि गाळ मुख्यतः पावसावरच अवलंबून. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला आणि त्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा पाऊस वाचला. पाणी आटून खार दाट झाला की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात, ते गाळात सापडतात. पानांवरच्या मेणाचे अवशेष सापडतात, परागकण सापडतात. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार दोन मोठे कोरडे कालखंड दिसतात: एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या दुसऱ्या कालखंडात काय काय येते पाहा. शेजारच्या वाशीमला, म्हणजे वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी, अजिंठ्याची लेणी, वराहमिहिर, यादव, लोणारचे दैत्यसूदन मंदिर, चक्रधर, आणि शेवटाला दुर्गादेवीचा दुष्काळ. वैभवाचा हा सगळा काळ सरासरीने कोरडा होता, यावरून हवामान आणि इतिहास यांचे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी थोडे थांबावे. चौदाशे वर्षांच्या सरासरीत ओल्या दशकांना भरपूर जागा असते आणि गाळाचे कालमापनही वर्षावर बोट ठेवू शकत नाही. हीच त्याची मर्यादा आपल्या विषयाला लागू पडते. विवराभोवती कोणती झाडे होती हे परागकण सांगतो. ती त्या साली फाल्गुनात फुलली की चैत्रात, हे त्याला सांगता येत नाही. हजारो वर्षांचा हिशेब गाळात आहे, आठवड्याचा हिशेब फक्त पाहणाऱ्याच्या वहीत असू शकतो.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला वनस्पतिशास्त्राचा. युरोपात थंडी ओसरली की कळी उमलते, म्हणून तिथले झाड थर्मामीटरचे काम करते. आपल्या पानझडी रानांत तसे नाही. बनारस हिंदू विद्यापीठातले के. पी. सिंह आणि सी. पी. कुशवाहा यांनी दाखवून दिले की, कोरड्या उष्ण प्रदेशात झाड किती दिवस निष्पर्ण राहते हे जातीजातीत काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत बदलते आणि फुलण्याची वेळ त्याच्याशी बांधलेली असते. काही झाडे दिवसाच्या लांबीत झालेला अगदी लहान फरकही ओळखतात. अशा झाडाची तारीख हवामान बदलले तरी हलणार नाही. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते, आणि त्यातूनच झाडांची निवड ठरते. आंब्याला मोहर फुटायला थंड रात्री लागतात. कोकणात थंडी आधीच बेताची, पण मेहकरसारख्या पठारावरच्या गावाला हिवाळा खरा असतो, म्हणून इथला जुना गावरान आंबा हिवाळ्याबद्दल बरेच काही सांगू शकेल. पळस कोरड्या दिवसांबद्दल सांगेल. दिवसाची लांबी मोजणारे एखादे झाड जागचे न हलता तुलनेसाठी उभे राहील. पळसाला पाने तीनच असली तरी पुरावा एकाच झाडाचा असून भागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, वेधशाळा आणि उपग्रह असताना ही उठाठेव कशाला? भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, हे पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाला, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवले. मग झाड नवे काय सांगणार? थर्मामीटर उष्णता सांगतो. उष्णतेने फूल आणि मधमाशी यांची गाठभेट चुकली का, मोहर आला तेव्हा अवकाळी पाऊस होता का, हे त्याला कळत नाही. उपग्रहाला रान हिरवे झालेले दिसते, त्यातला एक पळस दिसत नाही. शिवाय ‘सरासरी’ हीसुद्धा जुनी होऊ शकते. मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या ज्या सामान्य तारखा हवामान खाते वापरत होते त्या १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. त्या थेट २०२० साली बदलल्या. वायव्य भारतातून पाऊस परतायला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. हे पंधरा-सोळा दिवस कागदावर एका सकाळी सरकले. शेतात, रानात, पानगळीत ते कसे सरकत गेले, याची वर्षावर्षाची गोष्ट झाडांच्याच नोंदीतून मिळू शकली असती.

तिसरा आक्षेप खरे तर आक्षेप नसून आत्मविश्वास आहे: हे सगळे म्हाताऱ्यांना माहीतच आहे, त्यांना विचारा. त्यांना विचारावेच, पण आठवण विलक्षण वर्षे जपते आणि साधी वर्षे गाळते. बदल दिसतो तो साध्या वर्षांच्या रांगेत. आणि आठवणीतले झाड ज्या परिस्थितीत होते ती परिस्थितीही राहिलेली नाही. पेनटाकळी धरणाच्या पाण्याने काही शिवारांत ओल वाढली, विंधनविहिरींनी काही शिवारांतली ओल खोल गेली, रस्ते रुंद करताना जुनी झाडे गेली, आणि लोणारच्या काठावर वेड्या बाभळीने जागा बळकावली. कालव्याजवळचा आंबा लवकर मोहरला तर त्याचे श्रेय हवामानाला देण्याआधी पाटाचे पाणी पाहावे लागेल. म्हणून नोंदीत झाडाची जागा आणि पाण्याचे अंतर हवे, आणि दर वर्षी झाड तेच हवे. देशात ‘सीझनवॉच’ हा उपक्रम दीड दशकापासून नेमके हेच करतो आहे. नागरिक आणि शाळकरी मुले ठरावीक झाडे आठवड्याला एकदा पाहून पालवी, फूल, फळ यांची नोंद करतात. केरळातल्या शाळांनी त्यात मोठी आघाडी घेतली. वऱ्हाडातल्या शाळांच्या आवारातही कडुनिंब आहेच.

पण आजपासून सुरू केलेली वही बोलू लागायला वीस-तीस वर्षे लागतील. मागचे काही हाती लागायचे असेल तर क्योटोची युक्ती करावी लागेल, म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेल्या कागदांत झाडाची तारीख शोधावी लागेल. असे कागद आपल्याकडेही असणार, कारण झाडाच्या तारखेत पैसा अडकला होता. मोहर पाहून आमरायांचे बहर विकले जात आणि त्या सौद्याला दिवस असे. तेंदूपानाची तोडणी उन्हाळ्यात ठरल्या दिवशी सुरू होई आणि लिलावाची कागदपत्रे वनखात्यात राहत. पळसपानांच्या पत्रावळींचा हिशेब, देवस्थानांच्या मालकीच्या आंब्यांचा जमाखर्च, शाळामास्तरांच्या निसर्गनिरीक्षणाच्या वह्या, शेतकऱ्याने पंचांगाच्या समासात पेन्सिलीने केलेली खूण, यांतले काहीही चालेल. तिथी असली तरी चालेल. शक आणि तिथी मिळाली की तारीख काढता येते. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा या बाजूला कुणाच्या माळ्यावर अशी वही असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी तिच्यातले फाल्गुन ते वैशाख एकदा वाचून पाहावेत, आणि मोहराचा किंवा पळसाचा उल्लेख दिसला तर त्या पानाचा फोटो काढून तो जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे शक आणि तिथीसह पोचवावा.